पापण्या आवळतात आणि डोळे कोरडेही पडतात: दोन्ही एकत्र कसं सांभाळायचं

ब्लेफरोस्पाझम म्हणजे पापण्या आपल्या इच्छेविरुद्ध आवळल्या जाणं. सुरुवातीला डोळे नुसतेच जास्त मिचकावले जातात. मग उजेडात, वाऱ्यात, वाचताना ते घट्ट मिटू लागतात आणि उघडायला वेळ लागतो. हा आजार असलेल्या बऱ्याच जणांचे डोळे कोरडेही असतात. ते चुरचुरतात, खुपतात, आत वाळूचा कण अडकल्यासारखं वाटत राहतं. अनेकांना ही चुरचुर आधी सुरू होते आणि पापण्यांचा त्रास नंतर दिसतो.

अडचण अशी की एका तक्रारीचा उपाय दुसरीला बाधू शकतो. पापण्या सैल करणारं इंजेक्शन डोळा नीट मिटू देत नाही आणि तो वाळतो. पेटके कमी करण्यासाठी दिलेली एखादी गोळी अश्रूच आटवते. उलट, कोरड्या डोळ्यांसाठी सरसकट सांगितला जाणारा “डोळे घट्ट मिटून उघडा” हा व्यायाम पेटक्यालाच आमंत्रण देतो. म्हणून कोरडेपणाला ड्रॉप्स आणि पेटक्याला इंजेक्शन असे दोन कप्पे करून भागत नाही. आज डोळा नेमका कशामुळे त्रास देतोय हे ओळखावं लागतं, आणि ते ओळखता येतं.

आधी नाव बरोबर आहे ना, ते पाहा

डोळा लवतो म्हणजे ब्लेफरोस्पाझमच असं नाही. एकाच पापणीत, बहुतेक वेळा खालच्या, बारीक थरथर होते आणि डोळा मात्र मिटत नाही, अशी थरथर जागरणाची, ताणाची किंवा जास्त कॅफीनची असते. ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप जाते. चेहऱ्याच्या एकाच बाजूला डोळा, गाल आणि ओठाचा कोपरा एकदम ओढला जात असेल आणि झोपेतही ते थांबत नसेल, तर तो हेमिफेशियल स्पाझम. त्यात बहुधा कवटीच्या आत एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला टेकलेली असते, त्यामुळे एमआरआय करायला सांगतात. ब्लेफरोस्पाझम दोन्ही डोळ्यांना होतो, झोपेत थांबतो, साधारणपणे पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. स्नायूंच्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेतला हा बिघाड आहे, डिस्टोनिया या गटातला. तो मनाचा चाळा नाही आणि “लक्ष देऊ नकोस, थांबेल” असं सांगून तो थांबत नाही. जबडा, ओठ, जीभही त्यात ओढली जात असेल तर त्याला मेज सिंड्रोम म्हणतात.

आरशात भुवयांकडे पाहा. पेटका आलेला असताना भुवया खाली दबतात, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या हाडाखाली उतरतात, आणि दोन भुवयांच्या मध्ये उभ्या घड्या पडतात. काही जणांचा डोळा मिटतो पण भुवया मात्र वर चढलेल्या, कपाळावर आडव्या आठ्या, असं दिसतं. तिथे पापणी आवळलेली नसते, ती उचलण्याची आज्ञाच पोहोचत नसते. याला पापणी उघडण्याचा अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात आणि तसं असेल तर इंजेक्शन पापणीच्या कडेच्या अधिक जवळ द्यावं लागतं. तपासणीच्या खुर्चीत लक्ष एकवटलं की पेटके बरेचदा थांबतात, त्यामुळे घरच्या कुणाकडून तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढून घ्या: एक उन्हात, एक वाचताना, भुवया दिसतील असा.

अश्रूंचं काय बिघडतं

डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो त्यात खाली बुळबुळीत म्युसिन, त्यावर अश्रुग्रंथीतून येणारं पाणी आणि सर्वांत वर तेलाचा पापुद्रा असतो. हे तेल पाण्याला उडून जाऊ देत नाही. ते येतं पापण्यांच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींमधून. वरच्या पापणीत या ग्रंथी २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. पापणी हलकी लवली की तेवढ्या दाबाने तेल बाहेर येतं, वर जाताना थर पसरतो आणि वापरलेले अश्रू नाकाकडच्या बारीक छिद्रांतून निघून जातात. निरोगी माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. वाचताना किंवा स्क्रीनकडे पाहताना हा आकडा बराच खाली येतो.

पेटक्यात मिटणं वाढतं, पण ते कामाचं मिटणं राहत नाही. पापणी आवळून बसते, मग माणूस ती बळेबळे उघडतो आणि पुन्हा मिटेल या धास्तीने ताणून उघडी ठेवतो. त्या ताणलेल्या सेकंदांत थर फाटतो. पुढच्या पेटक्यात पापणीची आतली बाजू कोरड्या बुबुळावर घासते. बुबुळाच्या नसा ही कुरकुर मेंदूला कळवतात आणि मेंदू नेहमीचंच उत्तर देतो, डोळा मिट. निरोगी माणसात हे उत्तर एका लवण्यापुरतं असतं. ब्लेफरोस्पाझममध्ये त्याला आवर राहिलेला नसतो. म्हणून बुबुळ शांत ठेवणं हा पेटक्याच्याही उपचाराचा भाग आहे. ड्रॉप्सने ब्लेफरोस्पाझम बरा होत नाही, पण त्याला मिळणारं खतपाणी कमी होतं.

आणि पाणी वाहतंय म्हणजे डोळा कोरडा नाही, असं धरू नका. खुपल्यामुळे एकदम सुटणारे अश्रू पातळ असतात, थर धरून राहत नाहीत, आणि आवळलेली पापणी ते गालावर ढकलते. रुमाल भिजतो, डोळा तहानलेलाच राहतो.

तपासणीला जाताना

तपासणीच्या किमान दोन तास आधी कोणतेही ड्रॉप्स घालू नका, नाहीतर थर खोटाच चांगला दिसतो. हा नियम फक्त साध्या ओलाव्याच्या ड्रॉप्सपुरता आहे. काचबिंदूसारख्या आजाराचे ड्रॉप्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या किती आधी काढायच्या हे भेट ठरवतानाच विचारा.

अश्रू किती येतात ते मोजणाऱ्या शिर्मर चाचणीबद्दल थोडं सविस्तर, कारण नेमकी हीच ब्लेफरोस्पाझममध्ये फसवते. १९०३ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी ती मांडली. ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब फिल्टर कागदाची पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीत, बाहेरच्या बाजूला अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती ओली झाली ते मोजतात. साधारण १० मिलिमीटरच्या वर असेल तर ठीक, ५ किंवा त्याहून कमी असेल तर अश्रू खरोखरच कमी. पण पट्टी टोचल्याबरोबर पापणी आवळली की डोळा पाण्याने भरतो आणि पट्टी २०-२५ मिलिमीटर भिजून बाहेर येते. कागदावर “सर्वसाधारण” लिहिलं जातं. त्यामुळे डोळा बधिर करणारा थेंब घालून, कडेचं पाणी टिपून मग पट्टी लावता येईल का, असं विचारा. त्यातून मूळ पाझर कळायला मदत होते. आणि पट्टी सर्वांत शेवटी लावलेली बरी. आधी फ्लुरोसिन या पिवळ्या रंगाने थर किती सेकंदांत फाटतो ते पाहावं (१० सेकंदांच्या आत फाटणं हे लक्षण मानतात), बुबुळावर रंग कुठे धरतो ते पाहावं, पापण्यांच्या कडा हलक्या दाबून तेल कसं येतं ते पाहावं. चांगलं तेल खाद्यतेलासारखं पारदर्शक असतं. बिघडलेलं पेस्टसारखं घट्ट येतं किंवा येतच नाही.

रंग बुबुळावर कुठे धरतो याला अर्थ आहे. खालच्या पट्ट्यात ठिपके असतील तर डोळा पूर्ण मिटत नसावा, ही शंका पहिली. डॉक्टरांना ठिपके कुठे आहेत ते विचारा आणि वहीत एक गोल काढून त्यात तिथेच खुणा करा. पुढच्या भेटीत तुलना करायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. तोंड सतत कोरडं पडत असेल, कोरडा घास गिळायला पाणी लागत असेल किंवा सांधे दुखत असतील तर तेही सांगा. शोग्रेन सिंड्रोम (शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते तो आजार), संधिवात, थायरॉइड यांचा शोध तिथून सुरू होतो.

इंजेक्शनचं वेळापत्रक हीच मुख्य किल्ली

ब्लेफरोस्पाझमवरचा मुख्य उपचार म्हणजे पापण्यांभोवतीच्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनची बारीक इंजेक्शनं. अमेरिकेत १९८९ मध्ये याला या आजारासाठी मान्यता मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी त्याचा पाया घातला होता. ओनाबोट्युलिनमटॉक्सिन-ए (बोटॉक्स) या प्रकारात सुरुवातीला प्रत्येक जागी साधारण १.२५ ते २.५ युनिट देतात. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं एकमेकांत बदलता येत नाहीत, त्यामुळे ब्रँडचं नाव, एकूण युनिटं आणि टोचलेल्या जागा दर वेळी लिहून घ्या. डॉक्टर बदलले तर ही नोंद सोन्यासारखी आहे.

परिणाम साधारण तीन दिवसांत जाणवू लागतो, एक ते दोन आठवड्यांत शिगेला पोहोचतो आणि जवळपास तीन महिने टिकतो. कोरडेपणा या वेळापत्रकात कुठे येतो, त्यावरून त्याचं कारण ओळखता येतं.

वहीत रोज रात्री दोनच आकडे लिहा: आवळणं ० ते ४ आणि चुरचुर ० ते ४. शून्य म्हणजे काहीच नाही, चार म्हणजे कामच करता आलं नाही. बाजूला इंजेक्शननंतरचा दिवस क्रमांक आणि दिवसभरात किती वेळा ड्रॉप्स घातले ते. यापेक्षा मोठी नोंदवही करू नका, ती चौथ्या दिवशी बंद पडते.

पहिल्या तीन आठवड्यांत आवळणं उतरलं आणि चुरचुर चढली, तर स्नायू जरुरीपेक्षा सैल पडला आहे आणि डोळा पुरता मिटत नाही. पडताळणी सोपी आहे. चेहरा धुताना साबणाचं पाणी आत जायला लागलं, किंवा हलके डोळे मिटल्यावर समोरच्याला पापण्यांच्या मध्ये पांढरी फट दिसली, तर तेच. इथे पातळ ड्रॉप्स पुरत नाहीत. दिवसा जेल, रात्री मलम, बाजूने बंद असलेला चष्मा, आणि पुढच्या वेळी मात्रा किंवा जागा बदलण्याबद्दल बोलणं, हा मार्ग. काहींना मात्र याच काळात डोळा उलट जास्त ओला वाटतो, कारण अश्रू उपसून नेणारी पापणीची चालना मंदावते आणि आहेत ते अश्रू जास्त वेळ टिकतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंतचा काळ सगळ्यात शांत. या दिवसांत जी चुरचुर उरते ती तुमची खरी कोरडेपणाची पातळी. तपासणीची तारीख शक्यतो याच काळात घ्या, कारण पट्टी आणि रंग दोन्हींची उत्तरं तेव्हा कमी फसवी येतात. घरच्या घरी करायची चाचणीही याच दिवसांत: दोनदा हलकी पापणी लववा, मग उघडी ठेवून चुरचुर सुरू होईपर्यंत सेकंद मोजा. पेटक्याच्या दिवसांत हे मोजून काही उपयोग नाही.

दहाव्या आठवड्यानंतर आवळणं आणि चुरचुर दोन्ही जोडीने चढत असतील तर औषध उतरतं आहे. लोक इथे ड्रॉप्स दिवसाला आठ-दहा वेळा करतात आणि तरी बरं वाटत नाही म्हणून ब्रँड बदलत बसतात. दोष ब्रँडचा नसतो. पुढची तारीख आधीच घेऊन ठेवलेली असणं हाच इलाज आहे.

वरची पापणी खाली लोंबकळली असेल तर तो पेटकाही नाही आणि कोरडेपणाही नाही. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूत पसरलेलं असतं. काही आठवड्यांत ते ओसरतं, तोवर तात्पुरती पापणी उचलणारे ड्रॉप्स डॉक्टर देऊ शकतात. इंजेक्शनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पापण्या चोळू नका, मालिश करू नका.

ड्रॉप्स कोणते

कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के किंवा सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्के, यापैकी कशानेही सुरुवात होऊ शकते. तेल बिघडलेलं असेल तर तेलाचा अंश असलेले ड्रॉप्स अधिक टिकतात. १ टक्क्याचे दाट ड्रॉप्स आणि जेल जास्त वेळ राहतात पण थोडा वेळ धूसर दिसतं, आणि ही धूसर नजर काहींना डोळे किलकिले करायला लावते. म्हणून दाट प्रकार संध्याकाळी. एखादा प्रकार कामाचा नाही असं ठरवण्याआधी त्याला दोन आठवडे द्या.

दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक (प्रिझर्वेटिव्ह) नसलेलेच घ्या. बाटलीत सर्रास असणारं बेन्झाल्कोनियम क्लोराइड वारंवार गेलं की बुबुळाच्या वरच्या पेशींना इजा करतं, आणि मग ड्रॉप्सच चुरचुर वाढवतात. लाली घालवणारे नॅफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिनचे ड्रॉप्स नकोत. असर उतरला की लाली आणखी वाढते. स्टेरॉइडचे ड्रॉप्स पहिल्या दिवशी जादूसारखे वाटतात आणि डोळ्यातला दाब वाढवून नजर नेऊ शकतात. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसांपलीकडे एकही थेंब नको, जुनी बाटली पुन्हा उघडणं तर नकोच.

आवळणाऱ्या डोळ्यात थेंब घालायचा कसा

बहुतेक पत्रकांत “वर पाहा, खालची पापणी ओढा, थेंब सोडा” असं असतं. ब्लेफरोस्पाझममध्ये बाटली जवळ येताना दिसली तरी पापणी आवळते. थेंब गालावर पडतो, दुसरा, तिसरा, आणि मग बाटलीचं टोक डोळ्याला लागतं. मिटलेल्या डोळ्याने घालायची पद्धत इथे फार बरी.

१. हात साबणाने धुवा. पापण्यांच्या कडांवर चिपड किंवा मेकअप असेल तर ओल्या स्वच्छ कापडाने पुसा, कारण थेंब तिथूनच आत जाणार आहे.

२. उशी न घेता पाठीवर झोपा. बसूनच घालायचा असेल तर मान मागे टेकेल अशी खुर्ची घ्या. नाक सरळ छताकडे.

३. डोळे मिटलेलेच राहू द्या. दात एकमेकांवर दाबलेले असतील तर सोडा, ओठ किंचित उघडे ठेवा. दोन-तीन सावकाश श्वास घ्या.

४. एक थेंब नाकाकडच्या कोपऱ्यात, मिटलेल्या पापण्यांच्या फटीजवळ सोडा. तिथे खळगा असतो, थेंब त्यात उभा राहतो.

५. दुसऱ्या हाताचं बोट गालाच्या हाडावर ठेवून त्वचा अलगद खाली ओढा. वरची पापणी उचलायचा प्रयत्न करू नका. फट जराशी उघडली की थेंब आपोआप आत ओघळतो.

६. डोळा हलका मिटून एक मिनिट पडून राहा. बाहेर आलेलं टिपा, चोळू नका.

पापणी मुळीच सुटत नसेल तर जोर लावू नका. कानशिलावर बोट टेकवणं, भुवईच्या बाहेरच्या टोकाला हलका दाब देणं, गुणगुणणं, मोठ्याने आकडे म्हणणं, यातलं काहीतरी बहुतेकांना चालतं. डिस्टोनियाची ही खास खूण आहे, एका जागी झालेला स्पर्श किंवा हालचाल पेटक्याला काही क्षण ढिला करते. तुमची युक्ती कोणती ते शांत दिवशी शोधून ठेवा.

डोळा ७ ते १० मायक्रोलिटर अश्रू धरतो आणि बाटलीतला एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एक थेंबच मावत नाही, दोन घालणं वाया जातं. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं ठेवा, आधी पातळ मग दाट, मलम सगळ्यांत शेवटी. आणि वेळ महत्त्वाची: त्रास सुरू झाल्यावर घातलेला थेंब आवळलेल्या पापणीत अडकतो. बाहेर पडण्याआधी, वाचायला बसण्याआधी दहा मिनिटं घाला.

शेक आणि पापण्यांच्या कडा

तेल घट्ट येत असेल तरच याला खरा अर्थ आहे, पण वयाच्या या टप्प्यावर ते बऱ्याच जणांचं घट्टच येतं. चाळीस अंश सेल्सियसच्या आसपासचं पाणी, मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद गरम लागेल इतकं. कापड दोन मिनिटांत थंड होतं, म्हणून ते पुन्हा भिजवत ५ ते १० मिनिटं शेक घ्या. गरम करून वापरायची डोळ्यांची पट्टी मिळाली तर ती उष्णता जास्त वेळ धरते. लगेच नंतर, तेल पातळ असतानाच, वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर, कडेच्या दिशेने बोटाने पाच-सहा वेळा हलकेच सरका. डोळ्याच्या गोळ्यावर दाब नको. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल तर मालिशच टाळा.

शेकाचा दाब काहींचा पेटका शांत करतो, काहींचा चाळवतो. चाळवत असेल तर कापड डोळ्यावर दाबून न धरता नुसतं टेकवा आणि पडून घ्या.

लववण्याचा व्यायाम करायचा तर असा: डोळे हलके मिटा, दोन मोजा, उघडा. पापण्यांच्या कडा एकमेकींना टेकल्या की पुरे, कोपऱ्यांत सुरकुत्या पडता कामा नयेत. दर वीस मिनिटांनी पाच वेळा. पेटका यायला लागला तर त्या दिवशी सोडून द्या.

उजेड, वारा, स्क्रीन

उजेड सहन न होणं हा दोन्ही आजारांचा सामाईक त्रास आहे. चष्म्याच्या काचेला दिली जाणारी एफएल-४१ नावाची गुलाबीसर छटा ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश गाळते आणि बऱ्याच जणांना घरातही वापरता येते. घरात काळा गॉगल लावून बसू नका. डोळे अंधाराला सरावतात आणि गॉगल काढल्यावर साधा दिवाही टोचतो. बाहेर मात्र बाजूंनी बंद असलेला गॉगल ऊन आणि वारा दोन्ही अडवतो. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवा, म्हणजे नजर खाली राहते आणि डोळ्याचा उघडा भाग कमी होतो. पंखा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर नको, गाडीतला तर नक्कीच नको.

रात्र

सकाळी उठल्याबरोबर डोळा सर्वांत जास्त खुपत असेल आणि दिवस चढेल तसं बरं वाटत असेल, तर रात्री फट राहत असणार. तुम्ही झोपल्यावर घरच्या कुणाला मंद टॉर्च बाजूने धरून पाहायला सांगा. फट दिसली तर झोपताना खालच्या पापणीत अर्धा सेंटिमीटर मलम घाला. तेवढ्याने भागलं नाही तर त्वचेला चालणारी कागदी चिकटपट्टी आडवी लावता येते, पण आधी डोळा पूर्ण मिटलाय याची खात्री करून आणि शक्यतो दुसऱ्या माणसाकडून. अर्धवट मिटलेल्या डोळ्यावर लावलेली पट्टी रात्रभर बुबुळाला घासते. फट नसतानाही ओलं ठेवणारा बंद गॉगल बऱ्याच जणांना मानवतो.

गोळ्यांची यादी काढा

पेटक्यांसाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल लाळ आणि अश्रू दोन्ही कमी करतं. तोंड कोरडं पडायला लागलं त्याच सुमारास डोळ्यांची चुरचुर वाढली असेल तर आधी या गोळीकडे बोट दाखवा. अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्या, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठीचं अ‍ॅमिट्रिप्टिलीन, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन यांनीही कोरडेपणा येतो. उलट बाजूने, मळमळीसाठी बराच काळ घेतलेलं मेटोक्लोप्रामाइड आणि मनोविकारांवरची काही औषधं पापण्यांचे पेटकेच सुरू करू शकतात. यादी नेत्रतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा, कारण एकाने दिलेली गोळी दुसऱ्याला बहुधा माहीत नसते. स्वतः काहीही एकदम बंद करू नका. पेटक्यांसाठीच दिलं जाणारं क्लोनाझेपाम अचानक सोडल्यास फिट येऊ शकते.

एवढ्याने भागलं नाही तर

अश्रू जिथून निघून जातात त्या छिद्रांत बारीक बूच बसवता येतं. पापणीच्या कडांना सूज असेल तर ती आधी निवळवावी, नाहीतर सुजेतले घटकही आतच अडकतात. डोळ्यातली सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के ड्रॉप्स सुरुवातीला झोंबतात आणि पूर्ण परिणामाला तीन महिने किंवा जास्त लागतात. पहिल्या महिन्यात सोडून देणारे बरेच असतात आणि त्यांना त्याचा फायदा कधी कळतच नाही. झोंबण्यानेच पेटका येत असेल तर ते इंजेक्शनच्या शांत आठवड्यांत सुरू करायला सांगा. बुबुळाला वारंवार जखमा होत असतील तर स्वतःच्या रक्तापासून केलेले सीरम ड्रॉप्स देतात. इंजेक्शनला दादच मिळत नसेल तर पापणीचा काही स्नायू काढण्याची शस्त्रक्रिया आहे. ती शेवटचा पर्याय म्हणून, आणि त्यानंतर डोळा मिटण्याची ताकद कमी होत असल्यामुळे अश्रूंची अवस्था आधीच तपासलेली असावी.

हे दिसलं तर वाट पाहू नका

एका डोळ्यात वाढत जाणारं दुखणं, नजर एकदम धूसर होऊन लववल्यावरही न सुटणं, बुबुळावर पांढरा ठिपका, पिवळं चिपड: त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. इंजेक्शननंतरच्या आठवड्यांत डोळा मिटत नसताना असं झालं तर अधिकच घाईने, कारण उघड्या पडलेल्या बुबुळावर जखम लवकर चिघळते. दुखणं अचानक कमी झालं पण लाली तशीच असेल तरीही दाखवा, बुबुळाची संवेदनाच गेलेली असू शकते. आणि इंजेक्शननंतर काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर डोळ्यांच्या दवाखान्यात नाही, थेट तातडीच्या विभागात जा आणि बोट्युलिनम टॉक्सिन कोणत्या तारखेला, किती युनिट घेतलं हे पहिल्या वाक्यात सांगा.